पहिल्या रविवारची बॅटरी

शाळेत तिला सगळे लॅबबाई म्हणायचे. मुख्याध्यापकांपासून पाचवीतल्या पोरांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी हेच नाव बसलेलं. पगारपत्रकावरचं नाव कुणी मोठ्याने वाचलं की तिला स्वतःलाच क्षणभर थांबून आठवावं लागायचं की ही आपणच. एकतीस वर्षं ती प्रयोगशाळेत होती. परीक्षानळ्या धुणं, आम्लाच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवणं आणि प्रयोग आटोपल्यावर पोरांनी बेसिनमध्ये काय काय ओतलंय ते नाकाने ओळखणं, हे तिचं काम. नाक इतकं तयार की वरच्या मजल्यावर कुणी अमोनियाच्या बाटलीचं बूच उघडं टाकलं तर बाई खालून जिन्यातूनच ओरडायच्या. मास्तर लोकही तिला वचकून असत. केमिस्ट्रीच्या सरांनी एकदा पिपेट तोंडाने ओढलं म्हणून तिने त्यांना पोरांदेखत झापलं होतं, आणि सरांनी खाली मान घालून ऐकून घेतलं होतं.

अशा या बाईच्या घरात सवत नांदत होती.

सवत म्हणजे मोटारसायकल. नाव तिनेच ठेवलेलं. नवरा जहाजावर फिटर होता, वर्षातले दहा महिने पाण्यावर आणि दोन महिने घरी. गल्लीत त्याला जहाजवाला म्हणत. लग्न झालं तेव्हा बरोबरीच्या बायका म्हणाल्या होत्या, "तुझी मजा आहे बाई, वर्षात दोनच महिने नवऱ्याची कटकट!" तीही तेव्हा हसली होती. मग लेक झाली, आणि लेकीचं दुखणंखुपणं, शाळा, परीक्षा यांत दहा महिने कुठे जायचे पत्ता लागायचा नाही. लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, तिथेच तिने संसार मांडला, आणि मग लॅबबाईला दहा महिने खरे केवढे असतात ते कळलं. दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्यावर पत्र्याच्या छपराखाली उभी गाडी. संध्याकाळी शाळेतून आलं की कुलूप उघडायचं आणि कुणाशीही न बोलता दिवा लावायचा.

गाडी त्याने अकरा वर्षांपूर्वी आणली होती, बिनकिकची, नुसत्या बटणावर चालणारी. "जहाजाच्या शिड्या चढून चढून माझे गुडघे गेले," तो म्हणाला होता. "आता किक मारत बसायचं वय नाही. आलो की बटण दाबलं, गाडी चालू, एवढंच पाहिजे मला." आणि जाताना बॅग खांद्यावर टाकून दारात उभा राहून त्याने सांगितलं होतं, "बॅटरी तेवढी सांभाळ." बायकोला सांभाळून राहा म्हणाला की नाही, ते तिला आठवत नव्हतं. बॅटरीचं मात्र लख्ख आठवत होतं.

पहिल्या वर्षी तिने ती सांभाळली तीही अशी की विचारू नका. तिला गाडी चालवता येत नव्हती, पण किल्ली फिरवून बटण दाबणं कुणालाही जमतं. रोज शाळेतून आली की ती पर्स खांद्यावरून न काढताच गाडी चालू करायची, दोन मिनिटं तशीच ठेवायची आणि बंद करायची. गाडी जागी राहावी म्हणून करते, असं ती शेजाऱ्यांना सांगायची. खरं कारण वेगळं होतं. गाडीचा तो आवाज ओट्यावर घुमला की घरात कुणीतरी आत्ताच आलंय असं वाटायचं. दोन मिनिटं वाटायचं, आणि मग ती स्वतःच किल्ली फिरवून ते बंद करायची.

अडीच महिन्यांनी गाडीने मान टाकली. बटण दाबलं की नुसतं टकटक करायची. केमिस्ट्रीच्या सरांना तिने कारण विचारलं, तर सरांनी कपाळावर हात मारला. झापून घेतल्याची भरपाई करायची संधी त्यांना इतक्या वर्षांनी मिळाली होती. "अहो बाई, गाडी चालू करताना बॅटरीतून जेवढं जातं, ते परत भरायला गाडी चांगली अर्धा तास पळवावी लागते. तुम्ही उभ्या उभ्या दोन मिनिटं चालवून रोज काढत होतात आणि भरत काहीच नव्हतात. तुम्हीच मारलीत की तिला! आणि तुम्ही म्हणे लॅबबाई!"

रोज आवाज ऐकून ऐकून तिने ती बॅटरी संपवली होती. हे तिने नवऱ्याला सांगितलं नाही. बॅटरी गेली, एवढंच फोनवर म्हणाली. तो म्हणाला, "नवी आण. आणि आता रोज हात लावू नकोस. महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी, सकाळी दहा वाजता. तुला सुट्टी असते. बाहेर काढायची आणि चार्जरला लावायची. दहा म्हणजे दहा हं."

त्या दिवसापासून लॅबबाईने कानाला खडा लावला. महिन्याचा पहिला रविवार आणि सकाळचे दहा ठरून गेले. ती हातात रबरी मोजे घालायची, सीट काढायची, आधी काळी वायर सोडवायची, मग लाल. बॅटरी ओट्यावर लाकडी फळीवर ठेवायची. आधी ओल्या फडक्याने अंग पुसून घ्यायचं. जोडांवर पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने जुन्या टूथब्रशने घासायचं, कोरडं करून वर व्हॅसलिनचं बोट फिरवायचं. मग सहाही घरांची बुचं सैल करून आत डोकवायचं. पाणी खालच्या रेघेच्या खाली गेलेलं नको आणि वरच्या रेघेच्या वर नको. कमी असेल तर ड्रॉपरने डिस्टिल्ड वॉटर. ते ती पेट्रोल पंपावरून विकत आणायची. सर म्हणायचे, "आपल्याकडे कॅनच्या कॅन पडलेत, न्या की एक बाटली." त्यावर तिचं ठरलेलं उत्तर, "ते शाळेचं आहे, आणि सवत माझी आहे."

चार्जरही छोटा, हळूहळू भरणारा. घाईने भरली की बॅटरी तापते आणि आतून खराब होते, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. दहाला लावली की रात्रीच्या जेवणाआधी काढायची, आणि जोडताना आधी लाल, मग काळी. त्या पहिल्या बॅटरीनंतर इतक्या वर्षांत ती फक्त एकदा बदलावी लागली, तीही वय झालं म्हणून. दुकानदार ती जुनी हातात घेऊन म्हणाला होता, "बाई, एवढी वर्षं कुणाची टिकत नाही. काय करता काय?" लॅबबाईला तेव्हा उगाच भरून आलं होतं. एवढ्या मायेने आपण काय सांभाळतोय, आणि ते कुणासाठी, असा विचार मनात येऊन गेला.

कारण तो यायचा तेव्हा काय व्हायचं, ते ऐका.

तो यायचा सकाळी. रिक्षातून बॅग उतरवायचा, दारात उभ्यानेच तांब्याभर पाणी प्यायचा, तिच्याकडे बघून हसायचा. हसू चांगलं होतं, त्यात खोट नव्हती. मग खिळ्यावरची किल्ली काढायचा. "पाच मिनिटांत आलो." बटण दाबलं की गाडी पहिल्या झटक्यात चालू. आणि जहाजवाला गल्लीच्या टोकाला वळून दिसेनासा व्हायचा, तो दिवेलागणीला परत. कुठे जाता, असं तिने एकदाही विचारलं नाही. मित्र असतील, दहा महिन्यांनी माणूस येतो, मित्रांकडे जाणारच. ती स्वयंपाक झाकून ठेवायची. तो आला की विचारायची, "गरम करू का?" तो म्हणायचा, "कर." दुसऱ्या दिवसापासून तो बरा असायचा. नळ दुरुस्त कर, पत्र्याला डांबर लाव, शेजारणीची शिलाई मशीन उघडून बस, असं काहीबाही करत दोन महिने घरातच वावरायचा. पण पहिला दिवस सवतीचा. दर वर्षी.

तिला फार काही नको होतं. दहा महिने ती एक दिवस मागत होती. त्याने यावं, बसावं, आणि संध्याकाळ होईपर्यंत त्याच घरात असावं. बाकीचे साठ दिवस कुणाला हवे असतील त्यांनी न्यावेत. पण ज्या दिवशी तो येतो, ज्याची ती कॅलेंडरवर फुल्या मारत वाट बघते, तोच दिवस तिला कधी मिळाला नव्हता.

"आई, तू त्यांना सरळ सांग ना," लेक फोनवर म्हणायची.

"काय सांगू? बसा माझ्याजवळ म्हणून? या वयात?"

"मग कुठल्या वयात सांगणार आहेस?"

त्यावर लॅबबाई विषय बदलायची. पन्नाशी ओलांडलेल्या बाईने नवऱ्याजवळ असलं काही मागायचं म्हणजे तिला जिभेवर आम्ल पडल्यासारखं व्हायचं. पोरांदेखत मास्तरांना झापणारी बाई घरात मात्र तोंडात मिठाची गुळणी धरून होती.

आणि फोनवर तो विचारायचा तेही पहिलं बॅटरीचंच. बंदर लागलं की फोन यायचा, आवाज तुटत तुटत. "कशी आहेस?" आणि लगेच, "बॅटरी केलीस?" ती हो म्हणायची. "दहालाच ना?" तो विचारायचा. अंगाचा तिळपापड व्हायचा तिच्या. दहा काय आणि साडेदहा काय, बॅटरीला घड्याळ कळतं का? पण ती म्हणायची, "हो, दहालाच."

गेल्या वर्षी तो परत गेला, आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी, दहाला पाच कमी असताना, तिने मोजे हातात घेतले आणि परत खुंटीला अडकवले. आपण काय करतोय हे तिला चांगलं समजत होतं. बॅटरी मेली तर गाडी चालू होणार नाही. गाडी चालू झाली नाही तर पहिल्या दिवशी तो कुठेच जाऊ शकणार नाही. किक नव्हतीच. इतका साधा हिशेब अकरा वर्षं आपल्याला कसा सुचला नाही, याचं तिला नवल वाटलं.

हिशेब साधा असला तरी हात ऐकत नव्हते. अकरा वर्षांची सवय. दहा वाजले की पाय आपोआप ओट्याकडे वळायचे. म्हणून ती ओट्यावर जाऊन गाडीसमोर पाटावर बसायची आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरायची, अकरा वाजेपर्यंत. समोरच्या घरातल्या आजी वरून विचारायच्या, "आज काही करत नाही का गं?" ती म्हणायची, "बसलेय जरा."

गाडीच्या डॅशबोर्डवर एक इवलंसं हिरवं घड्याळ होतं. किल्ली बंद असली तरी ते चालायचं, बॅटरीतून थेंब थेंब पीत राहायचं. दर महिन्याला बॅटरी भरली जायची तेव्हा त्याचं काही वाटायचं नाही. आता ते घड्याळच बॅटरीला संपवत होतं आणि ती समोर बसून बघत होती. पहिल्या महिन्यात तिने मीटर लावून पाहिला, साडेबारा व्होल्ट. दुसऱ्यात बारा. तिला प्रत्येक आकड्याचा अर्थ कळत होता, हीच तर पंचाईत होती. अडाणी बाईला एवढा त्रास झाला नसता. रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली की आतल्या पत्र्यांवर पांढरा थर धरतो, आधी तो मऊ असतो, तोवर चार्ज केली तर वाचते. एकदा तो कडक झाला की देव आला तरी उपयोग नाही. म्हणजे तिसऱ्या महिन्यापर्यंत माघार घेता येणार होती.

तिसऱ्या महिन्यात तिने खुंटीवरचे मोजे काढलेसुद्धा. एक हातात चढवला. मग तिला गेल्या वर्षीचा झाकलेला स्वयंपाक आठवला, त्यावरचं थंड झालेलं झाकण, त्याला आतून आलेलं पाणी. तिने मोजा उतरवला.

फोन आला तेव्हा त्याने विचारलं, "बॅटरी केलीस?"

"केली."

"दहालाच ना?"

"दहालाच," ती म्हणाली. आयुष्यात ती त्याच्याशी पहिल्यांदा खोटं बोलली, आणि ते इतकं सहज निघालं की तिची तिलाच भीती वाटली.

पाचव्या रविवारी घड्याळ विझलेलं होतं. हिरवे आकडे गेले होते, नुसती काळी काच. लॅबबाई पाटावर बसून रडली. सवत मेली म्हणून रडणारी जगातली पहिली बाई आपणच असू, असं मनात येऊन तिला मध्येच हसू आलं, आणि मग परत रडू. तिला तो हवा होता. बॅटरी नको, गाडी नको, नळ दुरुस्त करणारा आणि पत्र्याला डांबर लावणाराही एक वेळ नको. नुसता बसलेला हवा होता. हे कुणाला सांगणार?

एरवी तो सुट्टीत यायचा, यंदा शाळा चालू असताना येत होता, म्हणून त्याच्या येण्याच्या दिवशी तिने रजा टाकली. एकतीस वर्षांत बाईंनी कधी अशी मधल्या वारी रजा घेतली नव्हती. सर म्हणाले, "आजारी आहात का?" ती म्हणाली, "नाही. काम आहे." सकाळी उठून तिने केस धुतले, इस्त्रीचे कपडे घातले, त्याला आवडतं ते सगळं करून ठेवलं.

रिक्षा थांबली. बॅग उतरली. तो दारात उभा राहिला, तांब्याभर पाणी प्याला, तिच्याकडे बघून हसला. यंदा केस जास्त पांढरे झाले होते. खिळ्यावरची किल्ली काढून तो म्हणाला, "पाच मिनिटांत आलो."

लॅबबाई दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

त्याने किल्ली फिरवली. बटण दाबलं. काहीच नाही. टकटकसुद्धा नाही. परत दाबलं. मग त्याने वाकून डॅशबोर्डवरच्या काळ्या काचेकडे पाहिलं, बोटाने ती काच पुसली. तो चिडला नाही, शिव्या घातल्या नाहीत. नुसता तिथे उभा राहिला. मग गाडीवरून उतरून त्याने बॅगेतून पाना काढला, सीट काढली, बॅटरी बाहेर घेतली, फळीवर ठेवली आणि तिच्यासमोर फतकल मारून बसला. घराकडे पाठ करून.

एक तास झाला. तो चार्जर लावून बघत होता, वायर हलवून बघत होता. दुसरा तास झाला. आत जेवण थंड होत होतं. लॅबबाईचा संताप संताप झाला. दहा महिने एवढा जीव जाळून, खोटं बोलून दिवस मिळवला, तो माणूस घरातही राहिला, आणि बसला कुणाजवळ? मेली तरी तिचीच सेवा! तिला वाटलं, ती बॅटरी उचलून गटारात भिरकावून द्यावी.

तिने तसं काही केलं नाही. ती बाहेर आली आणि फळीच्या दुसऱ्या बाजूला बसली. तो आम्लाचा जोर मोजायची तिची काचेची पिचकारी घेऊन घराघरातलं पाणी ओढत होता, आणि आतला तरंगता आकडा डोळे बारीक करकरून वाचत होता.

"असं नाही," ती म्हणाली आणि पिचकारी त्याच्या हातातून काढून घेतली. "डोळ्यांच्या रेषेत धरायची. आणि चष्मा कुठेय तुमचा?"

"बॅगेत."

तिने एकेक घर तपासलं. सहाही घरांत जवळजवळ नुसतं पाणी, आम्लाचा जोर उरलाच नव्हता. तिने एक बूच काढून उजेडात आत पाहिलं. पत्र्यांवर पांढरी साय धरली होती.

"गेली," ती म्हणाली. "आता काही होणार नाही."

"पण गेली कशी?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, त्याला खरंच कळत नव्हतं. "तू तर दर महिन्याला..."

"नाही केली."

त्याने वर पाहिलं.

"एकदाही नाही केली. खोटं सांगितलं मी. मुद्दाम मारली हिला." एकदा तोंड उघडलं तशी ती थांबेना. "तुम्ही येता आणि निघून जाता. दहा महिने मी वाट बघते, आणि तुम्ही उभ्याने पाणी पिऊन निघून जाता. मला एक दिवस हवा होता. म्हणून मारली. काय बोलायचं ते बोला."

तो बुचं एकेक करून परत लावत राहिला, रिकाम्या बॅटरीला. मग म्हणाला, "पहिल्या रविवारी नाही केलीस? एकाही?"

"नाही."

"तिकडे मला घरातलं काही माहीत नसतं," तो म्हणाला. शब्द शोधून शोधून बोलत होता, जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगतोय. "तू कधी उठतेस, माहीत नाही. शाळेतून कुठल्या वाटेने येतेस, कुणाशी बोलतेस, काय खातेस, काहीच नाही. पण पहिल्या रविवारी दहा वाजता तू कुठे असतेस, ते मला माहीत होतं. या ओट्यावर, फळीसमोर, हातात मोजे. तिकडे कधी पहाट असते, कधी दुपार. मी हिशेब करून ठेवतो. तेवढा तासभर कुणाला तरी माझी जागा बघायला सांगतो आणि एका बाजूला जाऊन बसतो. आता तिने काळी वायर सोडवली असेल. आता बुचं काढली असतील. असं." तो थांबला. "म्हणून विचारायचो, दहालाच ना."

लॅबबाईच्या हातातली पिचकारी तशीच राहिली. कित्येक वर्षं तो प्रश्न तिला टोचत होता. तिने विचारलं, "या वर्षीपण?"

"दहाही रविवार."

"मी होते," ती म्हणाली. तिला रडू आवरेना. "हात नाही लावला. पण इथेच होते. दहा वाजता. हात दाबून धरून बसायचे, दर वेळी. समोरच्या आजींना विचारा."

त्याने आजींना विचारलं नाही. मान हलवली फक्त. त्याचेही डोळे भरले होते आणि ते लपवायला त्याच्याकडे आता कुठलं काम उरलं नव्हतं.

"मग आल्या आल्या पळता का?" ती म्हणाली. "एवढी माझी आठवण काढता, तर मी समोर असताना पळता का? कुठल्या मित्रांकडे जाता?"

"मित्र कुठले? कोण राहिलंय इथे माझं?" तो म्हणाला. "बायपासने जातो. जकातनाक्यापर्यंत. तिथे पुलावर उभा राहतो. परत येतो. परत जातो." त्याने नाक पुसलं. "तिकडे असताना तुझ्याशी रोज बोलतो मी. मनात. इथे येतो, तू दारात उभी असतेस, आणि मला एक शब्द सुचत नाही. दहा महिने यंत्राच्या आवाजात काढलेले असतात. घरात इतकं शांत असतं. वाटतं, ही म्हणेल, हा एवढा लांबून आला आणि बोलत का नाही? म्हणून संध्याकाळपर्यंत बाहेर काढतो. अंधार पडला की मग जेवायचंच असतं, तेव्हा बोलावं लागत नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. एवढी वर्षं हा माणूस पुलावर एकटा उभा होता, आणि ती इथे झाकलेल्या स्वयंपाकासमोर, आणि दोघंही एकमेकांचीच वाट बघत होते. यंदा त्याची सुट्टीही सहाच आठवड्यांची होती. गेलेली वर्षं कुठल्या चार्जरने भरून येणार नव्हती, आणि हे तिच्याइतकं स्वच्छ कुणाला कळलं नसतं.

"सुचत नसेल तर नका बोलू," ती म्हणाली. "मी काही विचारत नाही. पण बसा."

"बसलोय की."

"असं नाही. आत बसा."

तो उठला. गुडघे वाजले. दारापाशी जाऊन तो उंबऱ्यावर टेकला, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की सकाळी रिक्षातून उतरल्यापासून त्याच्या पायात बूट तसेच होते. इतक्या वर्षांत पहिल्या दिवशी दिवेलागणीआधी तिने त्याला बूट काढताना कधी पाहिलंच नव्हतं. त्याने वाकून लेस सोडल्या, एकेक करून बूट काढले, आणि बाहेर न ठेवता आत नेऊन कपाटाखाली सरकवले.